ब्रेक दाबला की वर येणारी पाटी : सिनेमाच्या पहिल्या स्टारची गोष्ट

घाटात ट्रकच्या मागे अडकलं की वाचायला समोर एकच मजकूर असतो. हॉर्न ओके प्लीज, कीप डिस्टन्स आणि खाली एखादा शेर. कीप डिस्टन्स हे मागून चिकटून येणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. पण त्याची एक अडचण आहे. ट्रक पळत असो, थांबत असो की ढाब्यासमोर उभा असो, ती अक्षरं तेच सांगत राहतात. थोड्या वेळानं मागचा माणूस ती वाचायचं सोडून देतो. त्याला खरं तर वेगळंच कळायला हवं असतं. पुढचा आत्ता, या क्षणी, ब्रेक लावतोय का?

आज हे काम मागचा लाल दिवा करतो. १९१४ च्या सुमारास तो दिवा बहुतेक मोटारींना नव्हता. त्या काळात अमेरिकेत एका बाईनं आपल्या मोटारीच्या मागे एक पाटी बसवली. ब्रेकवर पाय पडला की पाटी आपोआप वर यायची आणि तिच्यावर लिहिलेलं असायचं, स्टॉप. ही बाई ना इंजिनिअर होती, ना कुठल्या मोटार कंपनीत कामाला होती. ती होती सिनेमाची पहिली स्टार मानली जाणारी फ्लॉरेन्स लॉरेन्स.

फ्लॉरेन्सचा जन्म २ जानेवारी १८८६ चा, कॅनडातल्या हॅमिल्टन गावचा. मूळ नाव फ्लॉरेन्स ॲनी ब्रिजवुड. वडील घोडागाड्या बांधायचे. आई शार्लट नाटकात काम करायची आणि लॉरेन्स या नावानं स्वतःची फिरती नाटक कंपनीही चालवायची. मुलीनं आडनाव उचललं ते आईच्या रंगमंचाचं. चालायला-बोलायला लागली तशी ती स्टेजवर उभी राहिली आणि बेबी फ्लो म्हणून गावोगाव फिरली. ती लहान असतानाच वडील कोळशाच्या वायूनं गुदमरून गेले. त्यानंतर आई मुलांना घेऊन अमेरिकेत बफेलोला आली.

१९०६-०७ च्या सुमारास फ्लॉरेन्स सिनेमात शिरली. पहिलं काम मिळालं एडिसनच्या कंपनीत, आणि त्यात तिला घोडेस्वारी येत होती याचा मोठा हात होता. पुढे व्हायटाग्राफ आणि मग १९०८ मध्ये बायोग्राफ कंपनी. तिथे डी. डब्ल्यू. ग्रिफिथ हा नवा दिग्दर्शक झपाट्यानं छोटे छोटे मूकपट काढत होता. त्याच्या कितीतरी मूकपटांत फ्लॉरेन्स झळकली. त्याच वर्षी तिनं हॅरी सॉल्टर या नटाशी लग्न केलं.

तेव्हा सिनेमात नटांची नावं पडद्यावर येत नसत. नाव झालं की नट पगार वाढवून मागेल, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं. लोक तिचा चेहरा ओळखायचे, तिचं चित्र बघायला पाच-पाच सेंट मोजायचे, कंपनीला पत्रं पाठवून ही कोण म्हणून विचारायचे. उत्तर मिळायचं नाही. शेवटी लोकांनीच तिला नाव दिलं, बायोग्राफ गर्ल. म्हणजे नावही कंपनीचंच.

१९०९ मध्ये नवरा-बायकोनं दुसऱ्या एका कंपनीकडे काम मिळेल का म्हणून विचारणा केली. त्या कंपनीनं ही गोष्ट थेट बायोग्राफला कळवली आणि दोघांची नोकरी गेली. अशा वेळी कार्ल लेमले पुढे आला. पुढे युनिव्हर्सल स्टुडिओ उभा करणारा हाच तो. तेव्हा त्याची आयएमपी नावाची नवी कंपनी होती. १९१० च्या सुरुवातीला बातमी पसरली की बायोग्राफ गर्ल न्यूयॉर्कमध्ये ट्रामखाली सापडून मेली. लगेच लेमलेनं जाहिरात दिली. ही बातमी धादांत खोटी आहे, फ्लॉरेन्स लॉरेन्स ठणठणीत आहे आणि आता आमच्या कंपनीत काम करते आहे! अफवा लेमलेनंच पेरली असं सर्रास सांगितलं जातं. ती नेमकी कुठून निघाली यावर सिनेमाच्या अभ्यासकांचं एकमत नाही, पण फायदा कुणाचा झाला हे उघड आहे. मार्चमध्ये ती सेंट लुईसला स्वतः लोकांसमोर आली तेव्हा गर्दीनं तिला अक्षरशः घेरलं. चेहऱ्याला नाव मिळालं होतं. गाडीखाली सापडल्याच्या खोट्या बातमीतून प्रसिद्ध झालेली ही बाई चार वर्षांनी खरे अपघात टाळायच्या खटपटीला लागली, हा योगायोग मात्र कुठल्या कंपनीनं घडवलेला नव्हता.

पैसा आला तसा न्यू जर्सीत पन्नास एकरांचा मळा आला, गुलाबांची बाग आली आणि मोटारही आली. १९१२ मध्ये तिनं आणि सॉल्टरनं लेमलेच्या पाठबळावर व्हिक्टर ही स्वतःची कंपनी काढली. पण तिचा जीव रमायचा तो मोटारीत. स्वतः चालवायची, बॉनेट उघडून काय बिघडलंय ते बघायची. घोडागाड्या बांधणाऱ्याची ती लेक, तेव्हा हे तिच्या रक्तातच असणार!

त्या काळातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन सुरू झाली आणि मोटारी धडाधड बाहेर पडू लागल्या. रस्त्यावर घोडे, सायकली, ट्रामा आणि त्यांच्यात नवशिके चालक. बहुतेक मोटारींचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालायचे, त्यामुळे गाडी थांबायला भरपूर जागा लागायची. वळायचं किंवा थांबायचं असेल तर चालकानं हात बाहेर काढून खूण करायची. पण नेमकी गरज असते तेव्हा हात रिकामा नसतो. समोर पोर आडवं आलं की माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरतो. पावसात किंवा रात्री तर हात दिसतही नाही. मागचा जितका चिकटून येत असेल तितका त्याला मिळणारा वेळ कमी.

किती कमी, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात साधारण ११ मीटर पुढे जाते. पुढचा थांबतोय हे मागच्याला एक सेकंद उशिरा कळलं, तर ब्रेकला पाय लागायच्या आतच हे ११ मीटर संपलेले असतात. पुढच्याच्या हातात मागच्याचा पाय नसतो, त्याला तो लांब ढकलू शकत नाही. तो एकच करू शकतो. खबर लवकर देऊ शकतो.

फ्लॉरेन्सनं हेच हेरलं. तिनं दोन गोष्टी केल्या. पहिली, मागच्या मडगार्डवर बसवलेला खुणेचा हात. चालकानं बटण दाबलं की विजेवर तो वर किंवा खाली व्हायचा आणि गाडी कुठे वळणार ते मागच्याला कळायचं. दुसरी, ती स्टॉपची पाटी. पाटीची खरी करामत अशी की तिच्यासाठी चालकाला वेगळं काही करावं लागत नव्हतं. ती ब्रेकलाच जोडलेली होती. घाबरलेला माणूस खूण करायला विसरेल, पण ब्रेक दाबायला विसरणार नाही. आजच्या गाड्यांचा ब्रेकचा दिवा याच तत्त्वावर चालतो, फक्त पाटीच्या जागी दिवा आला.

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी इंडिकेटरची जननी म्हणून तिचं नाव सापडतं. ते जरा जास्तच झालं. त्या दशकात वळणाच्या आणि थांबण्याच्या खुणांवर अनेक जण डोकं चालवत होते, तिच्या आधीही अशा यंत्रांची पेटंटं निघाली होती. आजचा दिवा थेट तिच्याच पाटीतून निघाला असं म्हणता येत नाही. पण मागच्या चालकाला आपोआप खबर मिळाली पाहिजे, हे ज्यांना फार लवकर सुचलं त्यांत ती होती यात शंका नाही.

तिनं पेटंट घेतलं नाही. आई याबाबत जास्त व्यवहारी निघाली. शार्लट ब्रिजवुडनं १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं. त्यात रबरी पट्ट्यांऐवजी काचेवर फिरणारे रूळ होते. ते यंत्र बाजारात चाललं नाही, तरी कागदावर तिचं नाव राहिलं. मुलीचं तसंही राहिलं नाही. ब्रेकचे दिवे पुढे मोटारींवर सर्रास दिसू लागले, १९३९ च्या ब्यूक मोटारींत वळताना उघडझाप करणारे दिवे आले, आणि यातल्या कशातूनही तिच्या हाती दमडी आली नाही.

तोवर तिचं सगळंच घसरत गेलं होतं. व्हिक्टरच्या एका चित्रपटात खोटी आग लावायची होती, ती खरीच भडकली. फ्लॉरेन्स भाजली, पडली, पाठीला इजा झाली. बरी होऊन ती पुन्हा उभी राहिली, पण शरीरानं साथ दिली नाही. दरम्यान सिनेमा न्यू जर्सीतून कॅलिफोर्नियाला गेला आणि लोकांना नवे चेहरे मिळाले. हॅरीशी फाटलं, १९२० मध्ये तो वारला. दुसरा नवरा चार्ल्स वुडरिंग मोटारी विकायचा. दोघांनी हॉलिवूडमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं दुकानही चालवलं, पण ते लग्न टिकलं नाही. १९२९ मध्ये आई गेली. तिसऱ्या नवऱ्याकडून मारहाण झाली आणि ते लग्न काही महिन्यांतच संपलं.

१९३६ च्या सुमारास एमजीएम स्टुडिओनं जुन्या, मागे पडलेल्या कलाकारांना ठरावीक आठवडी पगारावर बारीकसारीक कामं द्यायला सुरुवात केली. तीनेकशे चित्रपटांत झळकलेली फ्लॉरेन्स आता गर्दीतली एक झाली, पुन्हा नाव नसलेली. त्यात हाडांच्या मज्जेचा दुर्धर आजार जडला. २८ डिसेंबर १९३८ रोजी, ५२ व्या वर्षी, तिनं स्वतःच आयुष्य संपवलं.

मागच्याला खबर लवकर द्यायचा प्रश्न मात्र तिच्यानंतरही सुटला नाही. १९७० च्या दशकात जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींवर मागच्या काचेच्या बुडाशी एक जादा ब्रेकचा दिवा लावून पाहिला. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. अमेरिकेनं १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना हा तिसरा दिवा सक्तीचा केला. पण तो सगळ्यांच्याच गाडीवर आला तसा परिणाम ओसरत गेला आणि काही वर्षांनी सरकारी अभ्यासात घट ४ टक्क्यांच्या थोडी वर निघाली. कारण ट्रकवरच्या कीप डिस्टन्सचंच, डोळे सरावतात. तरी धडका लाखोंनी होतात तिथे ४ टक्केही थोडे नव्हेत.

आपली गाडी घ्या. मागचा फारच चिकटला असेल तर ब्रेकच्या पेडलवर हलकेच पाय टेकवून दिवा दोनदा उजळवणारे चालक असतात. फ्लॉरेन्सची पाटी दोनदा वर करण्यासारखंच ते. चिडून कचकन ब्रेक मारणं ही वेगळी गोष्ट, त्यात धडक आपल्यालाच बसते. त्यापेक्षा डावीकडे होऊन त्याला पुढे जाऊ देणं कधीही बरं.

हॉलिवूडच्या दफनभूमीत फ्लॉरेन्सच्या थडग्यावर पन्नासहून जास्त वर्षं साधा दगडही नव्हता. १९९१ मध्ये आपलं नाव जाहीर न करता एका ब्रिटिश नटानं खर्च उचलला आणि तिथे शिळा बसली. तिच्यावर बायोग्राफ गर्ल आणि पहिली सिनेस्टार असा उल्लेख आहे. मोटारीचा नाही.