पुठ्ठे कापून कापून तिनं चौथ्या मितीचं कोडं सोडवलं

कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्या बूलियन लॉजिकचे जनक जॉर्ज बूल. एव्हरेस्ट शिखराला ज्यांचं नाव दिलंय, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट. यातले पहिले तिचे वडील, दुसरे तिच्या आईचे काका. तिचं नाव अ‍ॅलिशिया बूल.

आता वाटेल, अशा घरात गणित आपोआपच आलं असणार. पण झालं उलटंच. १८६० साली आयर्लंडमधल्या कॉर्कला ती जन्मली आणि ती चार वर्षांची असताना वडील गेले. पदरात पाच मुली. आई लंडनला गेली, अ‍ॅलिशिया नातेवाइकांकडे वाढली. युक्लिडची पहिली दोन पुस्तकं, एवढंच काय ते तिचं भूमितीचं शिक्षण.

पुढं मोठ्या बहिणीचा होणारा नवरा, चार्ल्स हिंटन, लाकडी ठोकळे घेऊन घरी यायला लागला. लांबी, रुंदी, उंचीच्या पलीकडची चौथी मिती कशी असेल, हे तो या पोरींना ठोकळे रचून सांगायचा. अ‍ॅलिशिया त्याच्याही पुढं गेली.

कशी? काकडी कापली की सपाट चकती मिळते, म्हणजे तीन मितींच्या वस्तूचा काप दोन मितींचा. मग चार मितींच्या वस्तूचा काप तीन मितींचा, म्हणजे हातात धरता येणारा असणार. अ‍ॅलिशियानं हेच काप आखले आणि पुठ्ठ्यातून बनवले. त्यातली एक मूळ आकृती तर ६०० चतुष्फलकांची!

आपल्या जगात प्लेटोचे नियमित घन पाचच. चौथ्या मितीत असे सहा आकार असतात, हे तिनं स्वतः शोधलं. स्वित्झर्लंडच्या श्लेफ्लीनं ते आधीच शोधलं होतं, पण तिला त्याचा पत्ताच नव्हता.

१८९० मध्ये वॉल्टर स्टॉटशी लग्न झालं, दोन मुलं झाली. संसार बेताचा, आणि पुठ्ठे घरातच पडून. मग नवऱ्यानंच तिला नेदरलँड्सचे प्राध्यापक पीटर स्कौटे यांचं काम दाखवलं. तिनं मॉडेल्सचे फोटो पाठवले. स्कौटेंनी गणितानं काढलेल्या आकृत्या आणि तिचे पुठ्ठे तंतोतंत जुळले!

स्कौटेंनी तिला लिहितं केलं. १९०० आणि १९१० मध्ये तिचे निबंध अ‍ॅमस्टरडॅमच्या अकादमीनं छापले. १९१४ साली ग्रोनिंगेन विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. ते बघायला स्कौटे मात्र नव्हते, आदल्याच वर्षी ते वारले होते. त्यानंतर अ‍ॅलिशियाचं गणित थांबलं.

१९३० मध्ये, सत्तरीत, भाच्यानं तिची ओळख कॉक्सेटर नावाच्या विशीतल्या पोराशी करून दिली आणि ती पुन्हा कामाला लागली. हा पोरगा पुढं विसाव्या शतकातला मोठा भूमितीतज्ज्ञ झाला, आणि तिच्याबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यानंच लिहून ठेवलंय. १९४० साली ती गेली. तिची काही मॉडेल्स ग्रोनिंगेन आणि केंब्रिजमध्ये अजून जपून ठेवली आहेत.