अनवाणी तेवीस वर्षे



आमच्या घरी दर गुरुवारी थोरल्या महाराजांचे, म्हणजे प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामींचे चरित्र वाचण्याची पद्धत वडिलांच्या वेळेपासूनची. वडिलांनंतर ते माझ्याकडे आले. तीसेक वर्षे मी वाचतो आहे, काही पाने तर डोळे मिटून सांगता येतील. पण एक गोष्ट कबूल करतो. महाराज अमुक गावाहून निघून तमुक गावी आले, असे वाक्य आले की माझी जीभ त्यावरून सरकन पुढे जायची. पुढे कोणाचे दुखणे बरे केले, कोणाला दर्शन दिले, तिकडे लक्ष. त्या एका ‘आले’ या शब्दात किती दिवसांचे चालणे आहे, हे निवृत्तीनंतर नर्मदा परिक्रमेला निघालो तेव्हा कळले. तेही पहिल्याच आठवड्यात, तळपायांना फोड आल्यावर!

महाराजांचा जन्म शके १७७६ च्या श्रावण वद्य पंचमीचा, म्हणजे १८५४ सालचा. गाव माणगाव, सावंतवाडीच्या मुलखातले. वडील गणेशभट आणि आई रमाबाई. वडिलांनी गाणगापुरी वर्षानुवर्षे दत्तसेवा केलेली, त्यामुळे दत्तभक्ती घरातलीच. वासुदेवशास्त्री लहानपणीच वेदविद्येत तयार झाले, ज्योतिष आणि वैद्यकही जाणत. नृसिंहवाडीची ओढ मात्र सर्वांत जास्त. कोकणातून वाडीला जायचे म्हणजे सह्याद्री चढायचा आणि मग देशावरची वाट धरायची. चालण्याची सवय तिथून लागली असावी असे मला वाटते.

१८८३ साली त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभे केले. सात वर्षे तिथे सेवा, पूजा, येणाऱ्याजाणाऱ्याचे अन्नपाणी. गाव गजबजून गेले. आपल्यासारख्याने काय केले असते? पाय पसरून तिथेच राहिला असता. महाराज १८८९ साली दत्तप्रभूंच्या आज्ञेने सगळे तसेच टाकून निघाले. वय पस्तीस. बरोबर पत्नी अन्नपूर्णाबाई.

इथे मला जरा थांबू द्या. आपल्या चरित्रग्रंथांत या माउलीला फार थोडी जागा मिळते. संन्यासाच्या प्रसंगाला पोचण्याची लेखकाला घाई असते. पण जवळजवळ दोन वर्षे ती बाई महाराजांच्या बरोबर गावोगाव फिरली. घर मागे टाकलेले, उद्याचा मुक्काम माहीत नाही, चूल कुठे मांडायची ते ठाऊक नाही. परिक्रमेत मी जोडीने चालणारी दांपत्ये पाहिली. पुरुष पुढे आणि बाई चार पावले मागे, डोक्यावर गाठोडे. मुक्कामी पोचल्यावर पुरुष आडवा होतो आणि बाई टिक्कड थापायला बसते. तेव्हा अन्नपूर्णाबाईंची फार आठवण यायची. गोदावरीच्या काठी गंगाखेडला त्या आजारी पडल्या आणि १८९१ च्या वैशाखात तिथेच गेल्या. महाराजांनी त्यांचे उत्तरकार्य पार पाडले आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला. आमच्या घरात हा भाग वाचायचा गुरुवार आला की ही पदराने डोळे पुसते. मी तीस वर्षे वाचतच राहायचो.

तिथून महाराज दंड घ्यायला उज्जैनला गेले. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी साडेचारशे किलोमीटरांच्या पुढे भरते, आणि रस्ता काही रेघेसारखा जात नाही. वैशाखानंतरचे दिवस म्हणजे ऊन मी म्हणणारे. उज्जैनला श्री नारायणानंद सरस्वतींकडून दंड मिळाला, नाव वासुदेवानंद सरस्वती झाले, आणि पहिला चातुर्मास तिथेच पडला. पुढची तेवीस वर्षे हे चालणे थांबले नाही. ब्रह्मावर्त, हरिद्वार, द्वारका, पेटलाद, टिळकवाडा, खाली दक्षिणेत तंजावर, तुंगभद्रेकाठचे हावनूर, कृष्णेच्या बेटातले कुरवपूर. पायात काही नाही. वाहनात बसणे नाही. पैशाला हात नाही. हातात दंडकमंडलू, अंगावर छाटी, आणि जवळ पूजेची लहानशी दत्तमूर्ती. त्रिकाळ स्नान चुकवायचे नाही, मग नदीचे पाणी कितीही गार असो. दुपारी एकदा भिक्षा, तीही संन्यासधर्माच्या नियमाप्रमाणे मिळाली तर. नाही मिळाली तर त्या दिवशी उपास, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा चाल.

आता माझे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे सांगता येत नाही.

ओंकारेश्वराहून आम्ही दक्षिण तटाने निघालो. मैया उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही, हा परिक्रमेचा मुख्य नियम. मी मनाशी संकल्प केला होता की वाहनात पाऊल ठेवायचे नाही. पहिले काही दिवस फार उत्साहाचे. नर्मदे हर म्हणताच कोणी चहा देई, कोणी सदाव्रताचे पीठडाळ देई. एखादा दिवस मात्र असा उगवे की सकाळपासून काहीच जुळत नसे. आश्रमात जागा नाही, पाठीवरच्या सॅकचा पट्टा तुटलेला, आणि घरी फोन लावावा तर रेंज नाही. संध्याकाळी एखाद्या घरातली म्हातारी पायांवर गरम पाणी ओतून जायची आणि सगळा शीण उतरायचा. रोजचे असेच. सकाळी वाटायचे परत फिरावे, रात्री वाटायचे उगाच घाबरलो.

बडवानीजवळ राजघाटावर आलो. महाराजांचा चातुर्मास बडवानीला झाला, तसाच समोरच्या काठावर चिखलद्यालाही. चिखलदे पाहायची फार इच्छा होती. पण सरदार सरोवराचे पाणी चढले आणि जुने गाव त्यात गेले. उभा होतो तिथून पलीकडे नुसते पाणीच पाणी दिसले. हात जोडले आणि वळलो.

पुढच्या डोंगराळ भागात माझे पोट बिघडले. पाणी बाधले असेल. पहिल्या दिवशी दुर्लक्ष केले, दुसऱ्या दिवशी दर अर्ध्या तासाला झाडीत जावे लागले, आणि तिसऱ्या दिवशी उभे राहवेना. बरोबरच्या तरुण मुलांनी एक जीप थांबवली. मी नाही म्हणण्याइतकाही उरलो नव्हतो. एकोणीस किलोमीटर जीपमधून गेलो. सगळी वाट खिडकीकडे पाठ करून बसलो होतो.

दोन दिवस पडून होतो. तेव्हा उशाशी ठेवलेले चरित्र उघडले, आणि संग्रहणीचा उल्लेख आला. महाराजांना संग्रहणीचा विकार होता, वर्षानुवर्षे. हे मी शेकडो वेळा वाचले असेन, पण पोटात कळ असताना ते वाचणे वेगळे. संग्रहणी म्हणजे काय, हे आपल्या पिढीतल्या लोकांना सांगायला नको. खाल्लेले अंगी लागत नाही आणि माणूस काडीसारखा होतो. असे शरीर घेऊन पहाटे नदीत उतरायचे, शौचाशौचाचे सगळे नियम पाळायचे आणि उन्हातान्हात मैलोन्‌मैल अनवाणी जायचे! स्वतः वैद्यक जाणणारे. इतरांना औषधे सांगत आणि स्वतःचे दुखणे मात्र प्रारब्ध म्हणून भोगत. आपण त्यांना अवतारी म्हणतो आणि ते आहेतच. पण अवतारी म्हटले की कळा येत नसतील असे आपण धरून चालतो, तिथे चुकते.

शूलपाणीच्या झाडीतली अश्वत्थाम्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. महाराज रानात वाट चुकले, एक विलक्षण पुरुष पुढे चालू लागला, त्याने वाट दाखवली, आणि विचारल्यावर आपण अश्वत्थामा असल्याचे सांगितले. कथा सांगताना आपण अश्वत्थाम्यावर थांबतो. मी त्या झाडीतून चाललो तेव्हा माझ्या मनात दुसरेच आले. महाराज वाट चुकले होते! दत्तप्रभू ज्यांच्याशी बोलत, तेही एका संध्याकाळी रानात उभे राहून इकडे की तिकडे असे पाहत होते. त्या विचाराने मला जितका धीर आला, तितका चमत्काराने आला नव्हता.

या धावपळीत ग्रंथ कधी लिहिले असतील, याचे नवल वाटते. दत्तपुराण, द्विसाहस्री गुरुचरित्र, दत्तमाहात्म्य, आणि ज्या मैयेच्या काठी इतके राहिले तिच्यावरची नर्मदालहरी. कुमार, युवक आणि वृद्ध अशा तिघांसाठी शिक्षाग्रंथही. चातुर्मासात एका जागी स्थिर असत, तेव्हा सकाळपासून पाठ, प्रवचन, लेखन. पाऊस संपला की पुन्हा चाल.

शेवटी गरुडेश्वर. शरीर थकले होते. १९१४ साली, शके १८३६ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला महाराजांनी तिथे देह ठेवला. वय साठीच्या आत.

समुद्रसंगम ओलांडून उत्तर तटाने आम्ही वर आलो, टिळकवाडा करून गरुडेश्वरला पोचलो. समाधीपुढे जीपचे कबूल करायचे असे मी महिनाभर ठरवत होतो. शब्दसुद्धा जुळवले होते. प्रत्यक्षात नुसता बसून राहिलो, बोलवेना. उठून बाहेर आलो तेव्हा एका वयस्क सेवेकऱ्यांनी माझ्या पायांकडे पाहिले, काही न विचारता वाटीत एरंडेल आणून दिले, आणि प्रसाद झाला का एवढे विचारले. नाही म्हटल्यावर मला पंगतीत नेऊन बसवले.

परिक्रमा पुरी झाली, कढई झाली, घरी आलो. ते एकोणीस किलोमीटर मात्र राहिलेच आहेत. येत्या माघात तेवढेच चालून यायचा विचार आहे. हीसुद्धा येते म्हणते. तिचे गुडघे पाहता दिवसाला तीन किलोमीटरच्या वर जमणार नाही, म्हणजे आठवडा धरून चालायचे. या वेळी गाठोडे माझ्याकडे राहील.