घरामागच्या शेडमध्ये ४० वर्षं एकाच गाडीला हात मारत बसलेल्या म्हाताऱ्याने वेगाचा विक्रम केला होता

प्रत्येक गल्लीत एक तरी असा माणूस असतो, ज्याच्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी गाडी उभी असते. लँब्रेटा असेल, येझदी असेल, नाहीतर आजोबांच्या काळातली फियाट. रविवार उजाडला की हा गडी पान्हे, ग्रीस आणि जुनी बनियन घेऊन खाली बसतो. घरचे सांगून दमलेले असतात की आता ती भंगारात घाला. पण तो काही ऐकत नाही.

अशा सगळ्या माणसांचा एक देव शोधायचा झाला, तर तो सापडेल न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल नावाच्या गावात.

नाव, बर्ट मन्रो.

या माणसाने १९२० साली एक मोटारसायकल विकत घेतली आणि मरेपर्यंत तिचा नाद सोडला नाही. घेतली तेव्हा ती ताशी जेमतेम ८९ किलोमीटरने पळायची. ४७ वर्षांनी, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्याने तीच गाडी अमेरिकेत नेऊन ताशी २९५ किलोमीटरच्या पुढे पळवली.

त्याच्यामागे ना कुठली कंपनी होती, ना इंजिनियरांची फौज. होती ती फक्त एक शेड.

गोष्ट पहिल्यापासून बघू.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा. घरची शेती होती, गावाजवळच एडनडेल इथं. पण पोराचं मन नांगरापेक्षा यंत्रात जास्त. मधे काही काळ ओटिरा बोगद्याच्या कामावरही गेला, पण वडिलांनी शेतीसाठी परत बोलावून घेतलं. पहिल्या महायुद्धानंतरचे ते दिवस होते, मोटारसायकल ही नवलाईची गोष्ट होती आणि बर्टला तिने झपाटलं होतं.

१९२० साली, वयाच्या २१ व्या वर्षी त्याने इंडियन स्काउट घेतली.

आता इंडियन म्हटल्यावर तुमची कॉलर ताठ होईल, पण थांबा. या इंडियनचा आपल्या भारताशी काही संबंध नाही. ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड शहरातली कंपनी, १९०१ साली सुरू झालेली. एकेकाळी हार्ले डेव्हिडसनला टक्कर देणारी. तिची स्काउट म्हणजे ६०० सीसीची, इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडर असलेली गाडी. दणकट, साधी आणि दुरुस्तीला सोपी.

बहुतेक लोकांना एवढं पुरलं असतं. बर्टला पुरलं नाही. १९२६ पासून त्याने तिचं इंजिन उघडून त्यात बदल करायला सुरुवात केली, आणि ते काम पुढे कधी संपलंच नाही.

१९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तो ऑस्ट्रेलियात स्पीडवेच्या शर्यती मारायला गेला. पण जगभर महामंदी आली, पैसा आटला आणि बर्ट गावी परतला. मोटारसायकली विकायच्या आणि दुरुस्त करायच्या, अशी नोकरी धरली. दिवसभर लोकांच्या गाड्या आणि रात्रभर स्वतःची. कित्येकदा रात्र शेडमध्ये जायची आणि सकाळी तसाच कामावर हजर. सोबतीला १९३६ ची एक व्हेलोसेट पण होती, तिच्यावरही हेच प्रयोग.

पण त्याने नेमकं केलं काय? इथं थोडं इंजिन समजून घेऊ.

त्या काळच्या स्काउटमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे. म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत येताना वळसा घालून यायचं आणि जळालेला धूरही वळसा घालूनच बाहेर जायचा. हळू चालवायला हे ठीक, कारण रचना सोपी आणि भरवशाची. पण वेग हवा असेल तर इंजिनाला मोकळा श्वास घेता आला पाहिजे. बर्टने व्हॉल्व्ह थेट सिलिंडरच्या डोक्यावर नेले. सांगायला एक वाक्य, पण करायला इंजिनाचा वरचा अख्खा भाग नव्याने बनवावा लागतो.

मग दुसरी अडचण. ताकद वाढली की उष्णता वाढते. पिस्टन असतो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि सिलिंडरमध्ये पेटणाऱ्या वायूचं तापमान २,००० अंशांच्याही वर जातं. उष्णता वेळेत बाहेर पडते म्हणून पिस्टन टिकतो. गणित थोडं चुकलं की पिस्टनला भोक पडतं, कनेक्टिंग रॉड तुटतो आणि त्या तुटलेल्या रॉडने अख्खं इंजिन फुटतं.

बर्टचं इंजिन असं किती वेळा फुटलं, याची मोजदाद करणं अवघड आहे.

बरं, फुटल्यावर नवीन पार्ट आणायचा कुठून? खिशात पैसे नव्हते. आणि पुढे तर १९५३ मध्ये इंडियन कंपनीने गाड्या बनवणंच थांबवलं. जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी हा दिवस येतो. गाडी असते, पण ती बनवणारे उरलेले नसतात.

बर्टचं उत्तर सोपं होतं. पार्ट मिळत नाही ना, मग आपणच बनवू.

जुन्या डब्यांमध्ये धातू ओतून त्याने पार्ट बनवले. पिस्टन घरचे. फ्लायव्हील घरचं. सिलिंडरचे बॅरल बनवायला त्याने गॅसवाहिनीचा जुना बिडाचा पाइप वापरला. कनेक्टिंग रॉडला चिवट पोलाद लागतं, त्यासाठी कॅटरपिलर ट्रॅक्टरचा अॅक्सल घेतला आणि त्यातून रॉड हाताने घडवले. सूक्ष्म मापं घ्यायला कारखान्यात मायक्रोमीटर असतो. बर्टचं हे काम चाकाच्या एका जुन्या स्पोकवर भागायचं.

आपण याला जुगाड म्हणून मोकळे होऊ, पण जुगाड वेळ मारून नेण्यासाठी असतो. इथं वेगळंच चाललं होतं. पार्ट बनवायचा, बसवायचा, समुद्राच्या वाळूवर नेऊन गाडी पळवायची, तो तुटला की का तुटला हे बघायचं आणि पुन्हा नवीन बनवायचा. गावाजवळच्या ओरेटी किनाऱ्याची लांबच लांब घट्ट वाळू म्हणजे त्याचा चाचणीचा ट्रॅक होता. हे चक्र एकदोन वर्षं नाही, चाळीस वर्षं चाललं.

तुटलेले पार्ट त्याने फेकले नाहीत. शेडमध्ये एका फळीवर ते ओळीने मांडून ठेवले आणि ती फळी वेगाच्या देवाला अर्पण केली. वितळलेले पिस्टन, वाकलेले रॉड, फाटलेले बॅरल. येणाऱ्याला ते भंगार दिसायचं. पण नीट बघितलं तर ती त्याची वही होती. काय केलं की काय तुटतं, हे सगळं त्या फळीवर लिहिलेलं होतं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू पण सांगायला हवी, जी अशा कौतुकात बऱ्याचदा सुटून जाते.

बर्टचं १९२५ मध्ये लग्न झालं होतं. चार मुलं होती. रात्र शेडमध्ये घालवणाऱ्या माणसाचा संसार कसा चालला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. १९४७ मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर त्याने नोकरी सोडली आणि सरळ गाडीच्या गॅरेजमध्येच राहायला गेला. तिथंच झोपायचं, तिथंच लेथवर उभं राहायचं. पन्नाशीकडे झुकलेल्या त्या माणसाकडे जगाच्या हिशेबाने काहीच उरलं नव्हतं. एक जुनी गाडी आणि तिला अजून पळवायची इच्छा, एवढंच.

पुढे छातीचं दुखणं मागे लागलं. तब्येत साथ देईना, पण गाडी काही सुटेना.

आता जायचं होतं बॉनव्हिलला.

अमेरिकेच्या युटा राज्यात एका प्रागैतिहासिक तळ्याचं पाणी आटून मागे मिठाचं मैदान उरलंय. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर, नजर पोहोचेल तिथपर्यंत पांढरं आणि सपाट. वेगाचे विक्रम करायला जगभरातून लोक तिथं येतात. बर्ट तिथं एकूण दहा वेळा गेला. पहिल्यांदा नुसता बघायला.

पण नुसतं इंजिन ताकदवान असून भागत नव्हतं. वेग वाढला की हवा भिंतीसारखी आडवी येते. वेग दुप्पट करायचा तर नुसत्या हवेशी झुंजायला साधारण आठपट ताकद लागते. त्यामुळे बर्टने गाडीवर माशासारखं निमुळतं कवच चढवलं, हवा चिरत जाणारं. चालवणारा त्यात जवळजवळ पालथा पडूनच बसायचा.

१९६२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्याने ८५० सीसीपर्यंत वाढवलेल्या इंजिनावर ताशी सुमारे २८८ किलोमीटर वेग गाठला आणि ८८३ सीसी गटाचा विक्रम केला.

मग आलं १९६७. इंजिन आता ९५० सीसीचं झालं होतं. बर्ट ६८ वर्षांचा आणि गाडी ४७ वर्षांची. तोपर्यंत तिच्यातलं कारखान्यातून आलेलं सामान थोडंच उरलं होतं, बाकी सगळं शेडमध्ये जन्मलेलं.

तिथला नियम असा की गाडी एका दिशेने पळवायची, मग उलट दिशेने, आणि दोन्हींची सरासरी धरायची. म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळत नाही. बर्टची सरासरी निघाली ताशी २९५.४५ किलोमीटर. १,००० सीसीच्या आतल्या गटाचा विक्रम. पात्रता फेरीत एका दिशेने तर तो ताशी ३०५ किलोमीटरच्याही पुढे गेला होता.

त्याच वर्षी तिथं त्याचा जीवही जाता जाता राहिला. भर वेगात गाडी डगमगायला लागली. वेग कमी करायला तो उठून बसला, तर वाऱ्याने डोळ्यांवरचा गॉगलच उडवून नेला. समोरचं काही दिसेना. मार्ग दाखवणाऱ्या काळ्या रेषेपासून गाडी लांब भरकटली आणि लोखंडी खुंट अगदी थोडक्यात चुकला. शेवटी त्याने गाडी आडवी पाडली. थोडं खरचटलं, बाकी काही नाही.

गावी परतल्यावर पुढची काही वर्षं पुन्हा शेड आणि पुन्हा तेच काम. पण शरीर थकलं होतं. त्याने दोन्ही गाड्या गावातल्याच हेज कुटुंबाला विकल्या, म्हणजे त्या इन्व्हरकार्गिलमध्येच राहिल्या. ६ जानेवारी १९७८ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी बर्ट गेला. आजही हेज कुटुंबाच्या हार्डवेअरच्या दुकानात, पान्हे आणि खिळ्यांच्या सोबतीला, त्याची इंडियन बघायला मिळते. तिच्यासाठी याहून योग्य जागा दुसरी कुठली असणार?

जगाला तो कळला तो सिनेमामुळे. रॉजर डोनाल्डसन या दिग्दर्शकाने १९७१ मध्ये बर्टवर माहितीपट केला होता आणि २००५ मध्ये त्यानेच द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन हा चित्रपट काढला. बर्टच्या भूमिकेत होते अँथनी हॉपकिन्स. सिनेमात अनेक वर्षांच्या फेऱ्या एकाच प्रवासात बसवल्यात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की म्हातारा एकदाच गेला आणि जिंकून आला. खरी गोष्ट त्याहून लांब आहे आणि म्हणूनच त्याहून भारी आहे.

जुन्या गाड्यांच्या जगात एक जुना वाद आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी, अस्सल पार्ट लावून जपायची, की ती चालती ठेवायला लागेल ते बदलायचं? दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. अस्सल गाडी इतिहास सांगते. पण बर्टची गाडी दुसराच इतिहास सांगते, तो एका माणसाच्या हातांचा.

शेवटचा एक किस्सा, जो सिनेमात नाही.

२०१४ मध्ये बर्टचा मुलगा जॉन १९६७ चे आकडे बघत बसला होता. त्याच्या लक्षात आलं की सरासरी काढताना तेव्हा हिशेबात चूक झाली होती. ती अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या नजरेस आणली गेली, त्यांनी ती मान्य केली आणि विक्रम सुधारला. नवा आकडा झाला ताशी २९६.२६ किलोमीटर.

म्हणजे मरून ३६ वर्षं झाल्यावर बर्टचा वेग आणखी थोडा वाढला. आणि तो वाढवला, ज्याच्या वाट्याचा बाप त्या शेडने घेतला होता, त्या पोराने.