जमीन वाचणारा टॉम मॉरिस

बँकेत असताना कर्जाच्या अर्जामागोमाग जमीन पाहायला जावे लागे. पाथर्डीच्या परिसरात मुरमाड माळ कुठे संपला आणि काळी कुठे लागली, हे चालताना पायांनाच कळते. गोल्फ मी फक्त पुस्तकांतून ओळखतो. पण टॉम मॉरिसचे चरित्र वाचताना हा माणूस ओळखीचा वाटला. तोही आधी जमीन बघायचा.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला १८२१ साली विणकराच्या घरी त्याचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी तो अॅलन रॉबर्टसनच्या हाताखाली पिसे भरलेले कातडी चेंडू शिवू लागला. पुढे गटापर्चाचे स्वस्त चेंडू आले, त्यांवरून गुरूशी बिनसले आणि १८५१ साली त्याने प्रेस्टविक गाठले. तिथे वाळूच्या टेकड्यांमधून त्याने बारा होलांचे मैदान आखले. टेकडीपलीकडचे दिसत नाही, चेंडू अंदाजानेच मारायचा! १८६० साली पहिली ओपन स्पर्धा तिथेच झाली. १८६१ ते १८६७ या काळात मॉरिसने ती चारदा जिंकली. शेवटच्या वेळी तो ४६ वर्षांचा होता. इतक्या वयाचा विजेता अजून दुसरा झालेला नाही.

खेळायला मैदान निवडायचे ते असे माती पाहून. समुद्रकाठची वाळू पाणी धरत नाही. जमीन टणक, वारा आडवा. तिथे चेंडू बुटका मारून घरंगळू द्यावा. चिकणमातीत तो पडेल तिथेच बसतो, म्हणून उंच उडवावा लागतो. डोंगरउतारावर, आपल्या गर्भगिरीसारखा समजा, पाऊलच सपाट टेकत नाही. मॉरिसने १८७९ साली लेडीबँकच्या झाडीतल्या माळावर आणि १८८९ साली आयर्लंडमधल्या मोर्न डोंगरांच्या पायथ्याच्या वाळूत मैदाने आखली. जमीन सपाट करत बसण्यापेक्षा आहेत ते चढउतारच तो खेळात घेई.

मुलगा टॉमी बापापेक्षा सरस निघाला, चार वेळा विजेता. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला खेळत असताना सुनेची प्रसूती अडल्याची तार आली. होडीने घरी पोहोचेपर्यंत बाळ-बाळंतीण दोघेही गेले होते. नाताळच्या दिवशी टॉमीही गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी.

म्हातारा त्यानंतर ३२ वर्षांहून अधिक जगला. बायको, सगळी मुले त्याच्याआधी गेली. १९०३ पर्यंत तो सेंट अँड्र्यूजच्या हिरवळीची निगा राखत होता. गवत धरावे म्हणून वाळू पसरायचा. रविवारी मात्र खेळ बंद, जमिनीलाही विसावा हवा, असा त्याचा हट्ट. १९०८ साली क्लबच्या जिन्यावरून पडून तो वारला. ते जुने मैदान आजही रविवारी सहसा बंद असते आणि गावकरी तिथे मुलाबाळांसह फिरायला येतात.