हेरमान गुंडर्ट : कोशकार आणि कुलपुरुष

जर्मन कादंबरीकार हेरमान हेस यांच्या साहित्यातील भारताचा मागोवा घेऊ जाता तो त्यांच्या मातामहांपाशी पोहोचतो. हेरमान गुंडर्ट यांचा जन्म १८१४ साली श्टुटगार्ट येथे झाला. ट्यूबिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट संपादून ते १८३६ मध्ये भारतात आले आणि १८३९ पासून बाझेल मिशनचे धर्मप्रचारक म्हणून मलबारातील तलश्शेरी येथे राहिले. १८४७ साली त्यांनी ‘राज्यसमाचारम्’ हे मल्याळम् भाषेतील आद्य नियतकालिक सुरू केले. १८५१ मध्ये त्यांचे मल्याळम् व्याकरण प्रसिद्ध झाले.

या कार्याची किंमत कुटुंबालाही मोजावी लागली. १८४२ साली भारतात जन्मलेली त्यांची कन्या मारी हिला, मिशनरी कुटुंबांतील तत्कालीन प्रघातानुसार, वयाच्या चौथ्या वर्षी युरोपात ठेवून मातापितरे परतली. १८५९ मध्ये गुंडर्ट यांनी भारत सोडला. काल्व येथे राहून त्यांनी पूर्ण केलेला मल्याळम्-इंग्रजी कोश १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच गावी १८७७ मध्ये मारीच्या पोटी हेस जन्मले. १८९३ साली गुंडर्ट निवर्तले, तेव्हा नातू पंधरा वर्षांचा होता. ‘सिद्धार्थ’ ही त्याची कादंबरी १९२२ मध्ये प्रकाशित झाली. तिच्यातील भारताची पहिली ओळख लेखकास आजोळच्या या घरातच झाली होती.