महाबळेश्वरचे खरे दाते : छत्रपती प्रतापसिंह

उन्हाळ्यात महाबळेश्वरास हवा पालटण्यासाठी जाणाऱ्या गृहस्थास तेथे पेठेवर मालकमसाहेबाचे आणि कड्यावर लॉडविकसाहेबाचे नाव आढळते. परंतु ज्यांच्या राज्यातला तो डोंगर व ज्यांनी तेथवर गाडीरस्ता बांधविला, त्या साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे स्मरण त्यास क्वचितच होते.

महाराजांचा जन्म 1793 चा. 1808 मध्ये ते गादीवर आले खरे; पण ती गादी म्हणजे पेशव्यांच्या पहाऱ्यातील बंदिवासच होता. 1818 साली आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती आले, 1819 च्या तहाने त्यांना राज्य मिळाले व 1822 मध्ये प्रत्यक्ष कारभार त्यांच्या स्वाधीन झाला. राजा स्वतः कचेरीत बसून कागद पाहतो, हे दृश्य त्या काळी विरळच होते. साताऱ्यातील जुना राजवाडा त्यांचाच. पुढे तेथे भरणाऱ्या शाळेत 1900 साली डॉ. आंबेडकरांचे नाव दाखल झाले.

महाबळेश्वराच्या हवेची वार्ता इंग्रजांत पसरविली ती 1824 मध्ये डोंगर चढून गेलेल्या लॉडविक यांनी. कृष्णेच्या उगमी स्नान करून येणाऱ्या आमच्या यात्रेकरूंना ती हवा शतकानुशतके ठाऊक होती, ही गोष्ट निराळी! त्यानंतर रेसिडेंट ब्रिग्ज यांच्या सांगण्यावरून महाराजांनी साताऱ्याहून उत्तम सडक तयार करविली. 1828 मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनी आजारी गोऱ्या शिपायांसाठी तेथे आरोग्यस्थान उघडले. 1829 च्या करारान्वये महाराजांनी तो मुलूख कंपनीस दिला व मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. बाजारपेठ वसली, तिला नाव पडले मालकमपेठ. जमीन छत्रपतींची, सडक छत्रपतींची, नाव मात्र गव्हर्नराचे! रयतेतील रोग्याची सोय काय, हा प्रश्न त्या करारात कोणी विचारल्याचे दिसत नाही.

या स्नेहाचे फळ महाराजांस काय मिळाले, हे कायद्याच्या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. कंपनीच्या शिपायांस फितविल्याचा आरोप त्यांच्यावर आला. 1836 च्या गुप्त चौकशी मंडळात रेसिडेंट झालेले तेच लॉडविक बसले होते. आरोपीस विरुद्ध पुराव्याची पुरी माहिती नाही, साक्षीदारांस उलट प्रश्न विचारण्याची मुभा नाही. अशी चौकशी एखाद्या भुरट्या चोराचीही होऊ नये. 1839 च्या ऑगस्टात गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. अपराधाची कबुली देऊन सही करावी, म्हणजे गादी राहील, असा त्यांचा प्रस्ताव होता. एका सहीने राज्य वाचत होते. महाराजांनी ती केली नाही. ज्याने डोंगर विनातक्रार देऊन टाकला, त्याने खोटी कबुली देण्याचे नाकारले, यातच त्यांच्या स्वभावाची थोरवी आहे.

सप्टेंबर 1839 मध्ये त्यांस पदच्युत करण्यात आले व काशीस रवाना करण्यात आले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसविले गेले. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे झगडले, परंतु दाद लागली नाही. 1847 मध्ये महाराज काशीसच निवर्तले. पुढल्या वर्षी आप्पासाहेबही वारले, आणि डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. मालकमपेठेत साहेबलोकांची वर्दळ मात्र दर उन्हाळ्यात पूर्ववत चालूच राहिली.