लोखंडी नांगराचे कारखानदार

विद्यार्थी मित्रांनो, गंगापूरहून छत्रपती संभाजीनगरला जाताना वाटेत वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. वाळूज हे आपल्याच तालुक्यातले गाव. तेथे मोटारसायकली तयार होतात आणि यंत्रांचे अनेक सुटे भाग लहानमोठ्या कारखान्यांत बनतात. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा किंवा मोठे भाऊ तेथे कामाला असतील, तर त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. एखादा भाग मापापेक्षा केसभर जाड झाला, तर त्याचे काय करतात? तो भाग बाजूला काढतात, असे ते सांगतील. पण एकटा तो भागच बाजूला पडत नाही. त्याला लागलेली वीज, वेळ आणि माणसाची मेहनतही वाया जाते. म्हणूनच चांगल्या कारखान्यात माल तयार करण्याइतकेच महत्त्व माल वाया न जाऊ देण्याला असते.

ही शिकवण ज्यांच्या आयुष्यातून मिळते, अशा एका कारखानदाराची आज आपण ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव भागातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांना चित्रकलेची आणि यंत्रांची फार आवड होती. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण तेथे एक अडचण उभी राहिली. काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगवेगळे ओळखता येत नव्हते. चित्रकाराला रंगच कळले नाहीत, तर त्याने काय करावे? दुसरा कोणी निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्यातली उणीव लपवली नाही. रंग सोडले, पण रेषा सोडल्या नाहीत. ते यंत्रांचे आराखडे काढण्यास शिकले. त्यात रंगांचे काम नव्हते. तेथे अचूक माप आणि सरळ रेघ लागत होती. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले.

तेथे त्यांनी मन लावून काम केले. परंतु बढतीची वेळ आली, तेव्हा ती जागा त्यांना न देता दुसऱ्याला देण्यात आली. इंग्रजांच्या राज्यात असा भेदभाव होत असे. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. त्यांचे बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी तेथे सायकलींचे दुकान चालवले होते. आता स्वतः यंत्रे बनवायची, असे त्यांनी ठरवले.

कोणते यंत्र बनवावे? त्यांनी आधी शेतकऱ्याची गरज पाहिली. तुम्ही गावात पाहिले असेल, ज्वारीचा कडबा अख्खाच टाकला, तर जनावरे पाला खातात आणि जाड धाटे पायाखाली तुडवतात. कडब्याचे बारीक तुकडे केले, तर धाटेही खाल्ली जातात आणि चारा पुरवठ्याला येतो. दुष्काळाच्या वर्षी याचे मोल किती मोठे, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. लक्ष्मणरावांनी पहिल्यांदा हेच कडबा कापण्याचे यंत्र बनवले.

त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटवून टाकतो. परंतु लोकांच्या मनात शंका होती. लोखंडामुळे जमिनीत विष कालवले जाईल, असे शेतकरी म्हणत. तयार नांगर तसेच पडून राहिले. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली!

मित्रांनो, या शंकेकडे आपण हसून पाहू नये. गरीब शेतकऱ्याचे सारे आयुष्य जमिनीवर अवलंबून असते. कर्ज काढून घेतलेला नांगर ऐन हंगामात मोडला, तर त्याचे वर्ष बुडते. कारखान्यातली एक लहानशी खोट शेतात पोहोचेपर्यंत फार मोठी होते. म्हणून नांगर नुसता बनवून भागत नाही, तो टिकावा लागतो.

नांगराचे हे भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे करतात. भट्टीत वितळवलेले बीड वाळूच्या साच्यात ओततात. हे काम फार नाजूक असते. वाळूत पाणी जास्त झाले, तर त्याची वाफ होते आणि लोखंडात छिद्रे पडतात. साचा नीट दाबलेला नसेल, तर माप बिघडते. असा तुकडा पुन्हा भट्टीत टाकून वितळवता येतो. पण जळालेला कोळसा आणि कारागिराचा गेलेला दिवस कोणत्याही भट्टीतून परत मिळत नाही. म्हणून खोट शेवटी शोधण्यापेक्षा ती वाळूच्या साच्यातच होऊ न देणे, हे खरे शहाणपण.

कधीकधी बिघडलेले कामही काही शिकवून जाते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम नावाचे नांगर बनवणारे कारखानदार होते. १८०३ साली त्यांच्या कारखान्यात एक साचा फुटला आणि तापलेले लोखंड थंड धातूवर सांडले. ते भंगारात टाकण्याआधी त्यांनी नीट पाहिले. जेथे लोखंड एकदम थंड झाले होते, तेथे ते फार कठीण बनले होते. मग त्यांनी फाळाची खालची बाजू मुद्दाम अशी झटकन थंड करून कठीण केली. मऊ राहिलेली वरची बाजू आधी झिजू लागली आणि चालता चालता फाळाला आपोआप धार राहू लागली. लक्ष्मणरावांपुढे अशा कसलेल्या विलायती कारखान्यांची स्पर्धा होती. आपला नांगर त्यांच्या तोडीचा झाल्याशिवाय चालणार नव्हते.

इतक्यात नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी त्यांच्या कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवणे भाग पडले. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ जागा दिली आणि कर्जही दिले. ती जागा कशी होती? ३२ एकरांचा ओसाड माळ, त्यावर निवडुंग आणि सापांचा सुळसुळाट! १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

लक्ष्मणरावांनी जसा माळ टाकाऊ मानला नाही, तशी माणसेही टाकाऊ मानली नाहीत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. शाळा अर्धवट सोडलेले तरुण त्यांच्या हाताखाली हुन्नरी कारागीर झाले. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी होती.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे बीड मिळेनासे झाले. आता नांगर कशाचे बनवणार? तेव्हा कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज पुढे आले. किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांनी लक्ष्मणरावांना दिल्या. त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. एके काळी माणसे मारणारे लोखंड आता धान्य पिकवू लागले. जुन्या लोखंडाचा याहून चांगला उपयोग कोणता असेल?

पुढे किर्लोस्करवाडीत उसाचे चरक, पाण्याचे पंप अशी अनेक यंत्रे तयार होऊ लागली. लक्ष्मणरावांनी आपला मुलगा शंतनुराव यांना यंत्रविद्या शिकण्यासाठी अमेरिकेला पाठवले. ज्या नांगराला गिऱ्हाईक मिळत नव्हते, तो आता गावोगावी शेतात चालू लागला.

त्याच काळात जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचे असेच एक कारागीर काम करत होते. त्यांचा जन्म १८६७ सालचा, म्हणजे ते लक्ष्मणरावांपेक्षा दोनच वर्षांनी मोठे. १९२४ साली त्यांनी तयार केलेला माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्यामुळे खराब कापड पुढे विणलेच जात नसे. चूक झाली की थांबा, ती दुरुस्त करा आणि मगच पुढे जा, हा धडा त्यांच्या मागाने जगाला दिला. त्यांच्या मुलाने पुढे टोयोटा ही मोटारींची कंपनी काढली. त्या कंपनीची ही पद्धत आज जगभरातील कारखान्यांत शिकवली जाते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर २६ सप्टेंबर १९५६ रोजी मरण पावले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी वाळूजच्या कारखान्यात काम करेल, कोणी शेती करेल, कोणी शिवणकाम करेल, तर कोणी शिक्षक होईल. काम कोणतेही असो, हातून चूक झाली तर ती झाकून पुढे ढकलू नका. तेथेच थांबा आणि ती का झाली, हे शोधा. कारण तुम्ही बनवलेल्या वस्तूवर दूरच्या एखाद्या अनोळखी माणसाचे वर्ष अवलंबून असेल. ती वस्तू त्याच्या हातात मोडू नये, एवढी काळजी घेणे हेच कारागिराचे इमान आहे.